ताण न बसलेलं लिंबू

बदाम,

गिलक्याच्या वेलाचं बी या वर्षी मी एकटीनेच लावलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सातच्या आत. एरवी भिंतीच्या तुझ्या बाजूला तू बसायचीस, माझ्या बाजूला मी, आणि कोणाचं आधी उगवतं यावर आठ दिवस आपलं तोंड चालायचं. या वर्षी दोन्हीकडे मीच. तुमच्या फाटकातून आत गेले, तुझ्याच खुरप्याने माती उकरली, बी टाकलं, मग परत येऊन माझ्या बाजूचं लावलं. माझं आधी उगवलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, अक्काने बी भिजवून लावलं, ही लबाडी आहे. भिजवलं होतं. पण तुझंही भिजवलं होतं. तुझ्या बाजूची माती चिकट आहे, हे मी बत्तीस वर्षं सांगत आले.

होळीनंतर चौथ्या दिवशी तू गेलीस. लोक मला विचारतात, करमतं का. मी सांगते, ज्याच्या दारात चार झाडं आहेत त्याला चैत्र-वैशाखात न करमायला वेळ मिळत नाही. कोणाच्या घरातलं कोण गेलं हे ऊन विचारत नाही. तुझ्या बाजूचं काम आता कोण करणार यावर कोणी काही बोललं नाही. तुझा पारस सकाळी दुकानात जातो तो रात्री येतो. संगीताला, तुझ्या सुनेला, तू कधी मातीत हात घालू दिला नाहीस. म्हणायचीस, तिला घरात कामं कमी आहेत का. मग मीच जायला लागले. माझे गुडघे दुखतात हे तुला माहीत आहे, त्यामुळे हे काही प्रेमापोटी केलं असं समजू नकोस. शेजारची बाग वाळली की तिथली कीड माझ्याकडे येते.

तर काय काय केलं ते ऐक. कुंड्या पश्चिमेकडून काढून पूर्वेच्या भिंतीला लावल्या, म्हणजे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी सावली. जास्वंदीची कुंडी उचलेना, ती फरशीवरून ढकलत नेली, फरशीला ओरखडा पडला आहे. वाळलेल्या केळीच्या पानांचे दोन भारे मागवले आणि झाडांच्या बुडाशी हातभर जाड पसरले. तुला ते आवडायचं नाही, खाली मुंग्या-किडे जमतात आणि मग पाय पडतो म्हणायचीस. जमू देत. पाय मी सांभाळून टाकते. पाणी सकाळी सहाला, बुडाला, पानांवर नाही. खत कशालाच नाही, उन्हाळ्यात खत म्हणजे तापाच्या माणसाला ठेचा. कढीपत्त्याजवळ गळकं मडकं गळ्यापर्यंत पुरलं आणि भरून वर झाकण ठेवलं, ते आपोआप झिरपत राहतं. पाखरांसाठी तू टांगायचीस ते मातीचं परळ फुटलं होतं, नवीन टांगलं. त्यावर एक कावळा येतो आणि अंघोळ करून सगळं पाणी सांडतो. त्याला मी हाकलते. तू हाकलत नव्हतीस, म्हणून तो शेफारला आहे.

साड्यांचंही सांगायला पाहिजे. आमच्याकडे केळीच्या बागेला पश्चिमेच्या बाजूने जुन्या साड्या बांधतात, म्हणजे झळ थेट पानांना लागत नाही. संगीता तुझं कपाट रिकामं करत होती. मी म्हटलं, दोन सुती साड्या मला दे. तिचे डोळे भरले. तिला वाटलं, अक्काला आठवण ठेवायची आहे. तिने चांगल्यातल्या दोन काढल्या. मी म्हटलं, या नको, विरलेल्या दे, वारा थोडा आरपार जायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी तुझी निळी चौकड्यांची साडी गिलक्याच्या मांडवाला बांधलेली तिने पाहिली. पदर तोंडाला लावून हसायला लागली. तू गेल्यावर ती पहिल्यांदा हसली. साडी चांगली टिकली आहे. वेल अजून हिरवा आहे.

आता लिंबाचं. खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला बसले.

नऊ वर्षांपूर्वी पहूरहून, माझ्या भावाच्या बागेतून, कागदी लिंबाचं रोप मी आणलं. माझ्याकडे हौदामुळे जागा नव्हती, म्हणून तुला दिलं. तू ते भिंतीला लागून लावलंस, आणि आल्यागेल्याला सांगत राहिलीस, अक्काने दिलेलं आहे. त्याच वाफ्यातली रोपं भावाने त्याच्या बांधावर लावली. चौथ्या वर्षापासून त्याच्याकडे फांद्या टेकतात इतकी लिंबं. तुझं झाड नुसतं वाढलं. हिरवंगार, काटेरी, भिंतीच्या वर डोकं काढून. चार-दोन फुलं यायची आणि ऊन लागलं की गळून जायची. लिंबू विकत आणायचं आणि दारातल्या लिंबाला पाणी घालायचं, असं तुझं चाललं होतं.

मी तुला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की याला ताण द्यावा लागतो. उन्हाळा लागला की महिना-सव्वा महिना पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात, झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही. मग आळं उकरून शेणखत घालायचं आणि पाणी सोडायचं. दोन-तीन आठवड्यांत झाड फुलांनी भरतं. फळझाडांत खत घालायची तेवढी एक वेळ. हे मी शाळेत शिकले नाही, शाळा चौथीत सुटली. हे बापाच्या बागेत शिकले.

तुला ते मुळीच पटलं नाही. तू पाणी उकळून, गाळून पिणारी, दिवस मावळल्यावर घोटभरही न घेणारी. माहेर धुळ्याचं, देवपूरचं. बापाच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून अहिराणी शिकलीस, ती अशी की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये हे मारवाड्याचं लेकरू आहे. मनापासून काही बोलायचं असलं की तू अहिराणीत शिरायचीस. त्या दिवशी भिंतीवर दोन्ही हात ठेवून म्हणालीस, "जीव शे त्यामा, अक्का."

मी म्हटलं, जीव तुझ्यातही आहे. तू आठ-आठ दिवस उपास करतेस, तुमच्यात कोणी महिनाभर उपास केला तर त्याची बँड लावून मिरवणूक काढता. मग झाडाने महिनाभर उपास केला तर कुठे बिघडलं.

तू म्हणालीस, "आमचा उपास आम्ही ठरवतो. झाडाला तू विचारलंस का? आणि उपासात आम्ही पाणी पितो, अक्का."

असे आपण तीन उन्हाळे भांडलो. चौथ्या उन्हाळ्यात तू अचानक ऐकलंस. म्हणालीस, बरं, तुझ्या मनासारखं, नळी बंद. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता. बत्तीस वर्षांत तू माझं दुसरं काहीही ऐकलेलं नाहीस.

नळी बंद झाली, पण झाड मलूल होईना. भोवतालचं गवत जळून गेलं, तुळस सावलीत ठेवावी लागली, आणि लिंबू हिरवंगार. मी रोज भिंतीवरून बघायची, पान पिवळं पडलं का. नाही. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी मी पारसला बोलावून सांगितलं, तुमची पाण्याची लाइन इथेच कुठेतरी गळते आहे, नाहीतर या उन्हात झाड असं राहायचं नाही. त्या बिचाऱ्याने नळवाला आणला. नळवाल्याने मोरीच्या भिंतीच्या टाइल्स फोडल्या, अंगणात दोन ठिकाणी खणलं, पाइप कोरडा ठणठणीत निघाला. तू त्याला दोनदा चहा दिलास, वर खारी दिलीस. एक शब्द बोलली नाहीस. मी मात्र त्याला म्हटलं, तुला काम येत नाही.

त्यानंतर माझ्या तोंडून गेलं ते गेलं. दोन वर्षं झाली त्याला. सगळे अंगणात होतो. तुझ्याकडे पाहुणे आले होते, संगीता सरबत घेऊन आली, कोणीतरी विचारलं, घरचं लिंबू का. मी म्हटलं, कसलं घरचं, वांझ आहे ते झाड, काढून टाका. संगीताच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. ती ट्रे घेऊन आत गेली. मला ते बोलल्यावर दोन-तीन घटकांनी कळलं. घरी जाऊन कळलं. तेव्हाही मी स्वतःला सांगितलं, मी झाडाबद्दल बोलत होते.

नऊ दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. भिंतीशी आलीस की पाठ करून उभी राहायचीस. दहाव्या दिवशी मोगऱ्याची फुलं वेचता वेचता, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "फळ दे, मग पाणी देते, असं आपण कोणाला म्हणतो का, अक्का?"

मी म्हटलं, शेतकरी म्हणतो. नाही म्हटलं तर तो खाणार काय. आणि मी परत तुला ताणाचं शास्त्र सांगायला लागले. तू ऐकून घेतलंस. मला वाटलं मी जिंकले. तू झाडाचं बोलत नव्हतीस, हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षं आणि तुझं जाणं लागलं.

तुझा बारावा झाला आणि पारस माझ्याकडे आला. म्हणाला, अक्का, मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवतो आहे, गाडी आत घ्यायची आहे. लिंबू काढावं लागेल. मम्मीचं झाड आहे, मलाही बरं वाटत नाही, पण काट्यांनी गाडीला ओरखडे पडतील. फळ तरी असतं तर गोष्ट वेगळी.

तो वाईट नाही. तो तुझ्याच पोटचा आहे आणि माझ्याकडे विचारायला आला, सांगायला नाही. मी म्हटलं, मला दोन महिने दे. या वर्षी ताण मी स्वतः देते. पाडव्याला पाणी तोडते, आखाजीला, अक्षय तृतीयेला, खत-पाणी करते, वैशाख संपायच्या आत फूल दाखवते. फूल दिसलं तर झाड राहील. नाही दिसलं तर मी एक शब्द बोलणार नाही. तो म्हणाला, ठीक आहे, ब्लॉकवाला वैशाखाच्या शेवटीच यायचा आहे, पावसाच्या आत काम उरकायचं आहे.

मला खात्री होती, बदाम. आता तू नव्हतीस मधे पडायला.

पाडव्याला नळी गुंडाळून ठेवली. आळ्यातली माती उघडी केली. गुडघे धरून रोज सकाळी तुमच्याकडे जायची आणि पानं बघायची. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. पारा वर चढला, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायला लागलं, मेहरूणच्या तलावाकडून येणारा वाराही गरम लागायला लागला, आणि लिंबू हिरवं. मी माती उकरून पाहिली. बोटभर खाली ओल. मला रडू यायचं राहिलं, इतका राग आला. म्हटलं, हे झाड माझ्याशी वैर करतं आहे.

आखाजीला आठ दिवस होते. त्या दिवशी सकाळी मला भावाचा फोन आला आणि जाणं राहिलं, म्हणून संध्याकाळी गेले. ऊन उतरलं होतं, दिवस मावळायला अर्धा तास असेल. संगीता मागच्या दारातून आली. हातात तुझी पितळेची कळशी, अर्धी भरलेली. सरळ लिंबापाशी गेली, वाकली, आणि ओतायला लागली.

मी म्हटलं, हे काय करतेस.

ती दचकली. म्हणाली, उकाळलेलं पाणी उरलं आहे अक्का. तू गेल्यावर तिने वर्षभर उकाळलेलंच पाणी घ्यायचा नियम घेतला आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. तुमच्यात ते पाणी रात्रभर ठेवत नाहीत, गटारात ओतत नाहीत, जमिनीवर टाकतात. तेवढं मलाही माहीत होतं. कुठल्या जमिनीवर, ते मी बत्तीस वर्षांत विचारलं नाही.

मी विचारलं, सासू इथेच टाकायची?

"रोज," संगीता म्हणाली. "उन्हाळ्यात तर मुद्दाम जास्त पाणी उकळायच्या. मी म्हटलं होतं, अक्कांनी बंद करायला सांगितलं आहे ना. तर म्हणायच्या, नळी बंद करायला सांगितलं आहे, नळी बंदच आहे. झाडाला अक्काने उपास करायला लावला आहे, आणि उपासाला उकाळलेलं पाणी चालतं."

मी तिथेच आळ्याच्या कडेला बसले. सहा वर्षं. मोरीच्या टाइल्स. तो नळवाला. खारी. बदाम, तू समोर उभी राहून त्या नळवाल्याला खणू दिलंस आणि संध्याकाळी परत कळशी ओतलीस. मी तुझ्यावर इतकी चिडले की मला आधी तुझ्याकडे जाऊन तुला बोलायचं होतं, आणि उठतच होते, तेव्हा लक्षात आलं. तू गेल्याचं मला खरं तिथे लागलं. स्मशानात नाही, बाराव्यालाही नाही.

संगीता रिकामी कळशी धरून उभी होती. तिला वाटलं, अक्का आता ओरडणार. मी म्हटलं, बस खाली. ती बसली. मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वी मी या झाडाला वांझ म्हटलं होतं. ते तुला लागलं का?

"लागलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, चुकलं माझं.

"हो. चुकलंच." मग कळशी खाली ठेवून म्हणाली, "मम्मीजींनी मला त्याच रात्री विचारलं होतं. म्हणाल्या, अक्काची जीभ काटेरी आहे, पण ती स्वतः येऊन बोलेल, तू वाट बघ. मी म्हटलं, नाही येणार त्या."

तू माझ्याबद्दल काहीही सांगत सुटायचीस. दोन वर्षं मी आले नाही, तू मला कधी म्हणालीही नाहीस की जा. माझे हे गेले तेव्हा तेरा दिवस भिंतीवरून नळी टाकून माझ्या झाडांना तूच पाणी घातलंस. मी चौदाव्या दिवशी तुला काय म्हटलं, आठवतं? कढीपत्त्याला पाणी जास्त झालं. तू म्हणालीस, होय का, पुढच्या वेळी कमी घालेन. मला आभार मानता येत नाहीत. आमच्या घरात कोणालाच येत नव्हते. आता मानते. उशीर झाला, पण मानते.

पुढचे आठ दिवस मी संगीताला कळशी मोगऱ्याला ओतायला लावली. झाड पहिल्यांदा मलूल झालं. पानं दुपारी गुंडाळून घ्यायला लागली. नऊ वर्षं मला तेच बघायचं होतं, आणि बघवलं नाही. आठ दिवसांच्या ताणाने फूल येत नाही, महिना तरी लागतो, हे मला कळत होतं. पण तारीख ठरली होती, आणि खरं सांगायचं तर आणखी आठ दिवस माझ्याच्याने झाले नसते.

आखाजीला आमच्यात घरातल्या गेलेल्या माणसांची घागर भरतात, हे तुला माहीत आहे. तू दर वर्षी त्यासाठी डांगर पाठवायचीस, तुझ्या भाषेत खरबूज, तुमच्या दुकानाशेजारच्या फळवाल्याकडून, वास घेऊन निवडलेलं. या वर्षी ह्यांची घागर भरली आणि शेजारी एक छोटी मातीची केळी, तांब्याएवढं मडकं, तुझ्यासाठी ठेवली. माझी सून म्हणाली, आत्या, बदामकाकू आपल्या गोतातल्या नव्हत्या, आणि त्यांच्यात हे करत नाहीत. मी म्हटलं, नाही करत, माहीत आहे. मग ती म्हणाली, पण तुम्ही पाणी का उकळताय? मी म्हटलं, कच्चं पाणी ती घेत नाही. परातीत ओतून गार केलं, दुहेरी फडक्याने गाळलं, केळीत भरलं, वर आंबा ठेवला. डांगर मी निवडलं ते कच्चट निघालं.

दिवस मावळायच्या आत ते पाणी घेऊन तुमच्याकडे गेले आणि लिंबाला ओतलं. मग खत मिसळलं आणि नळी सोडली. ताण मीच तोडला. संगीता शेजारी उभी होती, तिने विचारलं, आता फूल येईल? मी म्हटलं, मला नाही वाटत.

आलं नाही. वैशाख संपत आला, फांद्यांच्या टोकांना कोवळी तांबूस पालवी फुटली, खूप फुटली, पण फूल नाही. गेल्या आठवड्यात ब्लॉकवाला आला. धुळ्याकडचा माणूस. अंगण बघितलं, झाड बघितलं आणि म्हणाला, बठ्ठं उकरनं पडी. सगळंच, झाडासकट. तू असतीस तर त्याचं गाव, त्याच्या सासूचं गाव सगळं विचारून झालं असतं.

पारसने मला विचारलं, अक्का, फूल आलं का. मी म्हटलं, नाही. खोटं मला बोलता येत नाही. मग त्याला कळशीचं सांगितलं, सगळं. तो हसायला लागला, मग मधेच थांबून म्हणाला, "म्हणजे आपण टाइल्स फोडल्या तेव्हाही?" मी म्हटलं, तेव्हाही. पण शब्द दिला होता मी, आणि ब्लॉकचा ट्रक दारात उभा होता, आणि मी कबूल केल्याप्रमाणे पुढे काही बोलले नाही. बोलायचं नाही म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

बोलली संगीता. म्हणाली, "झाड राहील."

पारस म्हणाला, "अगं, फूल कुठे आलंय? असंच ठरलं होतं."

"ते तुमचं आणि अक्कांचं ठरलं होतं. मला कोणी विचारलं नाही. फळ नाही आलं तरी ते राहील. पाणी मी घालते, काटे मी छाटते."

तुझ्या सुनेला मी आठ वर्षं ओळखते, पण हा आवाज मी ऐकला नव्हता. पारसनेही ऐकला नसावा. तो ब्लॉकवाल्याला म्हणाला, झाड सोडून बसवा मग. ब्लॉकवाला खडू घेऊन बुंध्यापाशी आला आणि त्याने विचारलं, भोवती जागा किती सोडायची. मी सांगणार होते, दोन हात सोड, मुळांना श्वास घेता आला पाहिजे. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात संगीता पुढे गेली, साडी सावरली, आणि त्या धुळीत बुंध्याला पाठ लावून मांडी घालून बसली. म्हणाली, मी बसले आहे त्याच्या बाहेरून रेघ ओढा.

मी अजूनही म्हणते की पुढच्या वर्षी नीट ताण दिला तर त्याला लिंबं लागतील, आणि संगीता ऐकेल असं मला वाटत नाही. आळं चांगलंच मोठं झालं आहे. पारसला गाडी तिरकी लावावी लागते.